जुनं लष्करी पिस्तूल रोज कमरेला लावायचं का? एका औषध दुकानदाराचं प्रकरण

डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात औषधांचं छोटं दुकान चालवणारे आमचे एक स्नेही आहेत. वय साठीच्या पुढचं, अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन बरीच वर्षं झालेली. ओळखीतले सगळे त्यांना नाना म्हणतात. रात्री दुकान बंद करायचं आणि मागच्या दाराने एकट्याने गाडीपर्यंत जायचं, हा त्यांचा रोजचा क्रम. दुकानात ऑक्सिकोडोनसारखी वेदनाशामकं असतात आणि इकडे औषधांची दुकानं लुटली जातात ती बहुतेक याच गोळ्यांसाठी. कॅमेरे लावून झाले, पार्किंगमध्ये दिवे वाढवून झाले, बटण दाबल्यावर ठरावीक वेळ गेल्याशिवाय न उघडणारी तिजोरीही बसवून झाली. त्यानंतर नानांनी पिस्तूल बाळगायचं ठरवलं. ते ठरवणं बरोबर की चूक, हा या लिखाणाचा विषय नाही. मला हौशी नेमबाजीचा नाद असल्याने त्यांनी मला विचारलं ते एवढंच: "अरे, मी मकारोव्ह घ्यायचं म्हणतोय. काय वाटतं तुला?"

मकारोव्ह म्हणजे १९५१ साली सोव्हिएत सैन्याने स्वीकारलेलं पिस्तूल. नानांनी गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनात, पाहिलेलं बल्गेरियात, कझानलकच्या आर्सेनल कारखान्यात बनलेलं होतं. वर्तुळातला १० हा त्या कारखान्याचा शिक्का त्यावर स्पष्ट दिसत होता. नानांचे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत फिटर होते. लोखंडावरचं मशिनिंग बघायची नजर घरातूनच आलेली, आणि प्लास्टिकच्या फ्रेमचं पिस्तूल बघितलं की नाक मुरडायचं तेही तिथूनच. "ही वस्तू बघ, आणि ते खेळणं बघ," असं त्यांनी दुकानदारासमोरच म्हटलं. दुकानदाराला मराठी येत नव्हतं म्हणून बरं.

आधी कायद्याचं बघू, कारण आपल्या लोकांत याबद्दल बरेच गैरसमज आहेत. एच-१बी किंवा तशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार बंदूक जवळ ठेवायलाच मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते, आणखी एक-दोन अपवाद आहेत, पण सर्वसाधारण नियम मनाईचा. मित्राचं पिस्तूल "जरा ठेवून घे" म्हणून घरी आणणंसुद्धा महागात पडू शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना ही अडचण नाही. नाना नागरिक. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून, बंदूक बाळगायला कायद्याने अपात्र नसलेल्या २१ वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. तरी नानांनी परवाना काढला, आणि ते योग्यच झालं. त्यात वर्ग असतो, लेखी परीक्षा असते, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून ५० गोळ्यांची नेमबाजी असते. शिवाय इतर अनेक राज्यांत तो परवाना चालतो.

आता ही लष्करी पिस्तुलं सामान्य माणसाच्या हाती लागतात कशी, ते थोडक्यात. १९९१ मध्ये वॉर्सा करार मोडला. पुढे पोलंड, हंगेरी, झेक प्रजासत्ताक १९९९ मध्ये आणि बल्गेरिया २००४ मध्ये नाटोत गेले. नाटोचं पिस्तुलाचं काडतूस ९×१९, यांचं ९×१८ (पहिला आकडा गोळीचा साधारण व्यास, दुसरा काडतुसाच्या कवचाची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये). जुन्या पिस्तुलांनी भरलेली कोठारं रिकामी होऊ लागली आणि आयातदारांमार्फत बराच माल अमेरिकेत पोचला. पन्नास वर्षांहून जुनी किंवा सरकारी यादीत असलेली शस्त्रं 'संग्राह्य' वर्गात मोडतात, त्यासाठी संग्राहकांचा वेगळा परवानाही असतो. एकेकाळी दीडशे-दोनशे डॉलरला मिळणारं मकारोव्ह आज नव्या पिस्तुलाच्या किमतीला जाऊन भिडलंय. म्हणजे जुनं घ्यायचं सगळ्यात मोठं कारण होतं स्वस्ताई, आणि तेच उरलेलं नाही. नानांना मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "पैशाचा प्रश्नच नाही." तसं असेल तर मग बाकीचं नीट तपासायला हवं होतं.

सैन्यातलं पिस्तूल कुणासाठी बनतं? अधिकारी, चालक, वैमानिक, अशा लोकांसाठी. ते झाकणाच्या चामडी होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, उघड्यावर पट्ट्याला लटकवलेलं असतं, आणि अनेकांच्या उभ्या नोकरीत फारसं झाडलंही जात नाही. बिघडलं तर तुकडीचा शस्त्रकारागीर बघतो, सुट्या भागांची पेटी कोठारात असते. नानांचं तसं नाही. त्यांना ते पांढऱ्या कोटाखाली, दिवसभर खाली वाकत, स्टुलावर चढत बाळगायचं होतं. झाकणाचं होल्स्टर इथे कामाचं नाही. पँटच्या आत बसणारं, चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर लागतं, आणि जुन्या पिस्तुलांसाठी ते बनवणारे मोजके. मकारोव्हसाठी मिळतं तरी. इतर काहींसाठी शोधाशोध करावी लागते.

दुसरा फरक गोळीचा, आणि याचं मूळ आपल्याकडे आहे. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात ब्रिटिशांनी अंगात शिरल्यावर पसरणारी गोळी बनवली. त्यावरून युरोपात गदारोळ झाला आणि १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरायच्या नाहीत असा जाहीरनामा निघाला. तेव्हापासून सैन्याची पिस्तुलं गोल नाकाच्या, पूर्ण तांब्याचं आवरण असलेल्या गोळीसाठीच घडवली गेली. सामान्य माणसाच्या स्वसंरक्षणात मात्र हिशोब उलटा. आवरणाची गोळी शरीरातून आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू शकते, म्हणून अमेरिकेत पोलिसांपासून दुकानदारांपर्यंत सगळे पुढून पोकळ, पसरणारी गोळी वापरतात. (न्यू जर्सीतल्या वाचकांनी थांबावं: तिथे अशा गोळ्यांवर वेगळी बंधनं आहेत, ती आधी वाचा.) जुन्या लष्करी पिस्तुलाच्या मॅगझिनमधून ही सपाट तोंडाची गोळी नळीत सरळ शिरेलच याची खात्री नसते. ते प्रत्येक नगावर तपासून घ्यावं लागतं. मॉडेल चांगलं आहे एवढ्यावर विसंबून चालत नाही.

नानांपुढे आम्ही पर्याय मांडले ते असे. मकारोव्हच्या आधीचं सोव्हिएत पिस्तूल टोकारेव्ह लगेच बाद. मूळ रचनेत वेगळी सेफ्टीच (गोळी चुकून उडू नये म्हणून असलेली कळ) नाही, अमेरिकेत आलेल्यांना ती आयातीसाठी नंतर बसवलेली, आणि गोळी फार वेगवान, आरपार जाणारी. वॉल्थर पी-३८ आणि त्याचा जर्मन सैन्यातला पुढचा अवतार पी-१ ही देखणी पिस्तुलं, पण एकवीस सेंटिमीटरहून लांब. स्पेनच्या गार्डिया सिव्हिल या पोलीस दलाकडून सुटलेलं स्टार बीएम काही वर्षांपूर्वी फार स्वस्त मिळत होतं. ९×१९ काडतूस, पोलादी बांधणी, हातात बसतंही छान. पण स्टार कंपनी १९९७ मध्ये बंद पडली. फायरिंग पिन (काडतुसावर आघात करून गोळी उडवणारी) तुटली तर दुसऱ्या कुणाच्या मोडक्या पिस्तुलातली काढून आणायची. शिवाय ते घोडा, म्हणजे पिनवर आपटणारा मागचा हातोडा, चढवून आणि सेफ्टी लावून बाळगायचं पिस्तूल. नानांना ते बघूनच धास्ती वाटली.

पोलिश पी-६४ वर मात्र नाना भाळले. छोटं, सपाट, सहा गोळ्यांचं. मी त्यांना पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून चाप ओढायला सांगितला. पहिल्या ओढीला त्यांचं पूर्ण मनगट हललं. घोडा खाली असताना पी-६४ चा चाप इतका जड असतो की त्याची थट्टा सगळीकडे होते. स्प्रिंग बदलून तो हलका करता येतो, बरेच लोक करतात. पण घोड्याची स्प्रिंग हलकी केली की पिन काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या तळाच्या भागावर, हलका आघात करते आणि एखादी गोळी उडतच नाही. नेमबाजीच्या रेंजवर ती गंमत असते. पार्किंगमध्ये नसते.

राहिली दोन: मकारोव्ह आणि चेकोस्लोव्हाकियाचं सीझेड ८२. कागदावर सीझेड सरस. बारा गोळ्या, सेफ्टी आणि मॅगझिन सोडायचं बटण दोन्ही हातांसाठी, नळी आतून क्रोमची आणि बहुकोनी. लष्करी रंगाचे टवके उडालेले असतात, ते सोडा. अडचण एकच, आणि ती नानांच्या बाबतीत मोठी. चढलेला घोडा सुरक्षितपणे खाली आणायची सोय त्यात नाही. नळीत गोळी असताना घोडा खाली करायचा तर अंगठ्याने धरून, चाप दाबून, हळूहळू सोडावा लागतो. नानांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. गोळ्यांच्या बाटल्यांची झाकणं उघडून उघडून झालाय असं ते म्हणतात. त्या अंगठ्याने रोज हे करायचं म्हणजे एखाद्या दिवशी घोडा निसटणार. मकारोव्हमध्ये सेफ्टीची पट्टी वर ढकलली की घोडा आपोआप, पिनला न लागता खाली पडतो. सत्तर वर्षांपूर्वीच्या माणसाने हे किती नीट विचार करून ठेवलंय, याचं कौतुक वाटतं.

म्हणून मकारोव्ह. विकणाऱ्याने तपासायला हरकत घेतली नाही. रचना इतकी सोपी की चापाभोवतीचं कडं खाली ओढलं, स्लाइड (नळीवरचा सरकता भाग) मागे नेऊन उचलली की पिस्तूल उघडतं. आतली मुख्य स्प्रिंग ही वाकवलेली पट्टी आहे. तीच घोडा हाणते, तीच चाप परत आणते, आणि तिचंच खालचं टोक मुठीच्या तळाशी मॅगझिन धरून ठेवतं. नाना तेवढ्यावर पंधरा मिनिटं बोलले. मी मात्र स्लाइड कानाशी धरून हलवली. मकारोव्हच्या फायरिंग पिनला परतीची स्प्रिंग नसते, ती मोकळी असते, आणि हलवल्यावर तिचा टकटक आवाज यायला हवा. आला नाही. सेफ्टीची पट्टी काढून पिन बाहेर घेतली. काठावर पिवळसर, घट्ट झालेलं कॉस्मोलीन, म्हणजे कोठारात गंजू नये म्हणून चोपडलेलं ग्रीस, वर्षानुवर्षं बसलेलं. पिन अशी पुढे अडकून राहिली तर स्लाइड बंद होतानाच गोळी उडू शकते, चापाला बोटही न लावता. खनिज तेलाने धुतली, पिनचं भोक कापसाच्या काडीने साफ केलं, पुन्हा हलवली, तेव्हा वाजली. जुन्या लष्करी पिस्तुलाचा कोणताही व्यवहार या एका आवाजाआधी पुरा करू नये असं माझं मत आहे.

नळीत खड्डे नव्हते. जुनी लष्करी काडतुसं झाडलेली असतील तर ते असू शकतात, कारण त्यांच्या टोपीतल्या रसायनाचं मीठ नळीत उरतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि नळी आतून खाल्ली जाते. तेलाने ते जात नाही, आधी पाण्याने धुवावं लागतं. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या डब्यांतल्या काडतुसांबद्दल हे कायम लक्षात ठेवायचं.

काडतुसांचा प्रश्न वेगळाच निघाला. ९×१८ ची गोळी नेहमीच्या ९ मिलिमीटरपेक्षा किंचित जाड, सुमारे ९.२७ मिलिमीटर. दोन्ही काडतुसं एकमेकांच्या जागी चालत नाहीत, चालवायचा प्रयत्नही करू नये. अमेरिकेत हे काडतूस बरंचसं रशियातून येत असे. सप्टेंबर २०२१ पासून रशियन दारूगोळ्याच्या आयातीला नवे परवाने बंद झाले. झेक, सर्बियन, इटालियन माल आहे, अमेरिकेत हॉर्नाडी कंपनी पसरणारी गोळीही बनवते. पण साध्या ९×१९ चा ढीग कोणत्याही दुकानात मिळतो आणि हा नाही. सराव महाग झाला की माणूस सराव कमी करतो. नानांनी हिशोब केला आणि पहिल्यांदाच गप्प बसले.

रेंजवर काय झालं ते सांगतो. आवरणाच्या गोळ्या एकही न अडता गेल्या. पोकळ गोळ्यांपैकी दुसऱ्याच मॅगझिनमध्ये एक नाकाने वर तोंड करून अडकली. तेच पुन्हा झालं, त्याच मॅगझिनमध्ये. त्याचे ओठ, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, किंचित पसरलेले होते. विकणाऱ्याने दिलेलं दुसरं, कारखान्याचा शिक्का असलेलं मॅगझिन लावलं, मग अडलं नाही. याचा अर्थ पिस्तूल चांगलं, मॅगझिन खराब. असं बऱ्याचदा असतं, आणि लोक उगाच पिस्तुलाला नावं ठेवतात. नेम मात्र दोन भागांत पडला. पहिली गोळी, जी घोडा खाली असताना लांब ओढीने जाते, सात यार्डांवर खाली आणि डावीकडे. दुसरीपासून घोडा चढलेला, चाप हलका, गोळ्या एका मुठीएवढ्या जागेत. खऱ्या प्रसंगात पहिलीच गोळी महत्त्वाची असते हे नानांना सांगावं लागलं नाही.

निकाल लावला तो अंगठ्याने. मकारोव्ह 'ब्लोबॅक' पद्धतीचं आहे. नळी आणि स्लाइड एकमेकांत कुलूपबंद होत नाहीत, गोळी नळीतून जाईपर्यंत स्लाइडला रोखून धरतं ते तिचं वजन आणि स्प्रिंगचा ताठरपणा. त्यामुळे स्लाइड मागे ओढायला बऱ्याच आधुनिक ९ मिलिमीटर पिस्तुलांपेक्षा जास्त ताकद लागते. त्यात आणखी एक मेख: सेफ्टी लावलेली असताना स्लाइड हलतच नाही, म्हणजे भरणं आणि रिकामं करणं, दोन्ही सेफ्टी काढूनच. घरी नातवंडं येतात म्हणून नाना रोज रात्री पिस्तूल रिकामं करून तिजोरीत ठेवणार होते. रोज सकाळ-संध्याकाळ ती स्लाइड ओढायची. त्या दिवशी रेंजवर काडतुसांचा डबा संपायच्या आत त्यांनी हात झटकायला सुरुवात केली आणि मग डाव्या हाताने ओढायचे वेगवेगळे प्रकार करून बघायला लागले. शिवाय मोकळ्या पिनमुळे नळीत गेलेल्या काडतुसाच्या टोपीवर कधी कधी बारीकसा खळगा पडतो. तेच काडतूस रोज आत-बाहेर करणं शहाणपणाचं नाही.

मी त्यांना शेजारच्या काउंटरवरून भाड्याने स्मिथ अँड वेसनचं 'शील्ड ईझी' आणून दिलं. ९×१९, आठ गोळ्या, स्लाइड मुद्दाम सोपी केलेली, मुठीत दाबली जाणारी वेगळी सेफ्टी. मकारोव्हपेक्षा थोडं हलकं, लांबीला मात्र सेंटिमीटरभर जास्तच. नानांनी स्लाइड दोन बोटांनी ओढली आणि माझ्याकडे असं बघितलं की हे आधी का नाही दाखवलंस. फ्रेम प्लास्टिकची. त्यावर काही बोलले नाहीत.

इथे त्यांनी एक मुद्दा काढला आणि तो बिनतोड होता. फोनवर शोधून म्हणाले, "हे बघ, याच मॉडेलची २०२० मध्ये कंपनीने परत बोलावणी केलीय. घोडा सदोष होता म्हणे." खरं होतं. मार्च ते ऑक्टोबर २०२० मध्ये बनलेल्या काही नगांचा घोडा तडकू शकतो म्हणून कंपनीने ते तपासायला मागवले होते. नवीन म्हणजे निर्दोष, असं मी म्हणालोच नव्हतो. पण त्या बातमीतलं दुसरं बघा: क्रमांक टाका, तुमचा नग त्यात आहे का कळेल, असेल तर पाठवा, कंपनी फुकट दुरुस्त करून देईल. बल्गेरियन मकारोव्हच्या एखाद्या तुकडीत तसाच दोष असेल तर तो नानांना कोण कळवणार? आयातदाराने स्लाइडवर आपलं नाव आणि गाव कोरलंय ते कायद्याने कोरावं लागतं म्हणून. जबाबदारी घ्यायला नव्हे. जुन्या पिस्तुलाची हमी म्हणजे तुम्ही स्वतः, तुमचे हात, तुमचा ओळखीचा गनस्मिथ आणि सुट्या भागांचा तुमचा डबा. ज्याला या सगळ्याची हौस आहे आणि हात धड आहेत, त्याने मकारोव्ह खुशाल बाळगावं. मी अशा एकाला ओळखतो आणि त्याला कधी नाही म्हटलेलं नाही.

आणखी एक गोष्ट लोक लक्षात घेत नाहीत. स्वसंरक्षणात गोळी झाडावी लागली, अगदी शंभर टक्के न्याय्य असली, तरी पोलीस ते पिस्तूल पुरावा म्हणून नेतात. परत कधी आणि कशा अवस्थेत मिळेल, सांगता येत नाही. ज्या वस्तूत जीव अडकलाय ती अशा कामाला लावू नये. नानांना यंत्रापेक्षा हे जास्त पटलं असावं.

शेवटी त्यांनी दोन्ही घेतली. ईझी कमरेला, २०२० नंतर बनलेला नग, क्रमांक तपासून. पोकळ गोळ्यांचे दोनशे बार न अडता गेल्यावरच ते होल्स्टरमध्ये गेलं. मकारोव्ह रेंजसाठी आणि रविवारी उघडून बसण्यासाठी. पुण्याच्या भावाला व्हिडिओवर दाखवलं तर तो म्हणाला, आपल्याकडे ९ मिलिमीटरला हात लावता येत नाही. बरोबर आहे. भारतात ते निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला मनाई असलेल्या मापांत, येतं, सैन्याचं ईशापूरला बनणारं '१ए' पिस्तूल त्याच काडतुसाचं, आणि परवानाधारक नागरिकाला बहुतेक .३२ वर समाधान मानावं लागतं.

रोजच्या वापरात आता कुरकुर आहे ती पिस्तुलाची नाही, जागांची. दारावर कायद्याच्या भाषेत, ठरावीक आकाराच्या अक्षरांत मनाईची पाटी असेल तर आत नेता येत नाही. टेक्सासमध्ये देवळात २०१९ पासून सरसकट बंदी नाही, पण विश्वस्तांनी पाटी लावली की नाही म्हणजे नाही. मंडळाचा गणपती शाळेची जिम भाड्याने घेऊन होतो, तिथे तर प्रश्नच नाही. गाडीत ठेवावं तर गाड्या फोडून पिस्तुलंच पळवतात. म्हणून नानांनी सीटखाली केबलने बांधलेली छोटी पेटी बसवली आणि ज्या दिवशी असल्या ठिकाणी जायचं असेल त्या दिवशी ते पिस्तूल घरीच ठेवतात. पेटीचा आकडा मिसेसनाही माहीत नाही. यावर त्यांच्याकडे अजून वाद चालू आहे.